घरी मळलेला गव्हाचा पास्ता आणि अक्रोडाचा सॉस : क्रीम-लोण्याशिवाय सरबरीतपणा कसा आणावा?

ओंजळ

नमस्कार.

घरातल्या ज्येष्ठांना लोणी आणि क्रीम कमी करण्याचा सल्ला मिळालेला आहे आणि मुलांना मात्र पास्त्यावर दाट, पांढराशुभ्र सॉसच हवा असतो. या दोन्ही गोष्टी एकाच जेवणात सांभाळायच्या म्हणून पास्ता घरीच मळायचा आणि सॉस अक्रोड, बदाम किंवा काजू वाटून करायचा, असे मी ठरवले आहे. पदार्थ चवीला चांगला होतो, पण काही अडचणी पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांचे कारण नीट समजून घ्यावे, अशी इच्छा आहे.

पहिली अडचण पिठाची आहे. पूर्ण गव्हाचे, कोंड्यासकटचे पीठ वापरले की लाटताना पट्टीच्या कडा फाटतात आणि शिजल्यावर पास्त्याला हवा तसा चिवटपणा राहत नाही. तो दाताखाली पिठूळ लागतो. मैद्याने हे टळते हे मला ठाऊक आहे, पण मग घरी मळण्यामागचा निम्मा हेतूच संपतो.

दुसरी अडचण सॉसची आहे. अक्रोडाचा सॉस कडवट लागतो, मिक्सरमध्ये कधी त्याला तेल सुटते, तर कधी त्याचा घट्ट गोळा होतो. पास्त्यात मिसळताना ठीक वाटलेला सॉस ताट वाढेपर्यंत सुकून पास्त्याला गुठळ्यांनी चिकटतो. यावर पाककृतींमध्ये सांगितलेला उपाय बहुधा एकच असतो : आणखी तेल आणि आणखी चीज. तसे केल्यास चव येते, पण चार जणांच्या सॉसमध्ये वाटीभर तेल ओतून त्याला आरोग्यदायी म्हणणे माझ्या मनाला पटत नाही.

म्हणून विचारायचे ते असे. पूर्ण गव्हाच्या पिठाचा पास्ता फाटू नये आणि पिठूळ लागू नये, यासाठी पाणी, मळणे आणि मुरवणे यांचे प्रमाण काय ठेवावे? अक्रोडाचा कडवटपणा कसा घालवावा? माणशी किती सुकामेवा पुरेसा आहे, आणि तेल न वाढवता सॉस सरबरीत कसा ठेवता येईल? जमल्यास कृतीबरोबर कारणही सांगावे, म्हणजे अक्रोडाऐवजी दुसरे काही वापरताना विचार करता येईल.

---

मंद आच

नमस्कार ओंजळ. पिठाबद्दल माझ्यापेक्षा अधिक जाणणारी मंडळी इथे आहेत, म्हणून मी सॉसवरच सविस्तर लिहिते.

आधी कडवटपणा. अक्रोडाच्या सॉसमध्ये तो तीन ठिकाणांहून येऊ शकतो आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असल्यामुळे कारण ओळखणे महत्त्वाचे आहे. अक्रोडाचा एक तुकडा सावकाश चावून पाहावा. जीभ कोरडी पडली, तुरटपणा जाणवला आणि त्यामागून गोडसर चव आली, तर दोष फक्त वरच्या पातळ सालीतील टॅनिन या तुरट द्रव्याचा आहे. चावल्याबरोबर जुन्या तेलाचा वास आणि घशात खवखव आली, तर अक्रोड खवट झालेले आहेत. ते भाजून, धुऊन किंवा लसूण वाढवून सुधारत नाहीत, ते टाकूनच द्यावे लागतात. अक्रोडातील चरबी बहुतांशी बहु-असंतृप्त असते आणि अशी चरबी हवा, उजेड व उष्णता यांच्या संपर्कात लवकर बिघडते, म्हणून सोललेले अक्रोड हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्येच ठेवावेत. तिसरे कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही : एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल मिक्सरच्या पात्यांखाली बराच वेळ घुसळले गेले की त्यातील कडू द्रव्ये मोकळी होतात आणि तेलाचा चांगला वासही झाकला जातो. त्यामुळे असे तेल मिक्सरमध्ये घालूच नये. सॉस तयार झाल्यावर ते शेवटी चमच्याने ढवळून मिसळावे.

सालीचा तुरटपणा घालवण्यासाठी अक्रोड उकळत्या पाण्यात एक मिनिट ठेवून निथळावेत आणि खरखरीत फडक्यात घेऊन चोळावेत. अक्रोडाच्या वळ्यांमध्ये अडकलेली साल पूर्ण निघत नाही आणि ती काढत बसण्याची गरजही नाही. बरीचशी निघाली तरी चवीत स्पष्ट फरक पडतो. साल काढलेले अक्रोड मग ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सियसला आठ-दहा मिनिटे ठेवावेत किंवा जाड बुडाच्या पॅनमध्ये मंद आचेवर, सतत हलवत कोरडे करावेत. हवा तो रंग येण्याच्या किंचित आधीच ते ताटलीत काढून घ्यावेत, कारण आतल्या उष्णतेने ते बाहेर आल्यावरही थोडा वेळ भाजत राहतात.

आता वाटण्याकडे वळते, कारण तुमचा खरा प्रश्न इथेच सुटणार आहे. अक्रोड कोरडेच वाटायला घेतले की आधी भरड होते, मग ती भांड्याच्या कडांना चिकटू लागते, आणि कडा खरवडून पुन्हा फिरवत राहिल्यावर तेल सुटून चकचकीत, सैल लगदा तयार होतो. या लगद्यात चमचाभर गरम पाणी घातले की अपेक्षेच्या नेमके उलट घडते : तो पातळ होण्याऐवजी एकदम घट्ट होतो, त्याची चकाकी जाते आणि तो पात्याभोवती गोळा होऊन बसतो. पाणी घालून बिघडले असे वाटून बहुतेक जण याच क्षणी तेलाची बाटली उचलतात. तसे न करता पाणीच चमच्या-चमच्याने घालत राहावे. काही चमच्यांनंतर गोळा मोडतो, तपकिरी रंग उजळून फिकट होतो आणि डावावरून संथ ओघळणारा सरबरीत सॉस तयार होतो.

याचे कारण असे की, कोरड्या लगद्यात तेल हे माध्यम असते आणि प्रथिने व तंतूंचे बारीक कण त्यात तरंगत असतात. थोडे पाणी मिळाले की ते कण फुगून एकमेकांना धरतात, म्हणून लगदा आवळतो. पाणी पुरेसे झाले की चित्र उलटते : पाणी माध्यम होते, तेलाचे अतिसूक्ष्म थेंब त्यात विखुरतात आणि अक्रोडातीलच प्रथिने त्या थेंबांना एकत्र येऊ देत नाहीत. यालाच इमल्शन म्हणतात. क्रीमचा दाटपणाही पाण्यात विखुरलेल्या चरबीच्या थेंबांमुळेच असतो, त्यामुळे अक्रोडाकडून तो मिळवण्यासाठी वेगळे तेल घालण्याची आवश्यकता नसते. अक्रोडात शंभर ग्रॅममागे सुमारे ६५ ग्रॅम चरबी आधीच असते; ती योग्य रीतीने विखुरणे एवढेच काम आपल्याकडे उरते.

हे पाणी नळाचे घेऊ नये. पास्ता शिजवलेले पाणी घ्यावे, कारण त्यात उतरलेला स्टार्च इमल्शनला आधार देतो. इटलीतील लिगुरिया प्रांतात अक्रोडाच्या सॉसमध्ये दुधात भिजवून पिळलेला पावाचा गर घालतात, तोही दाटपणासाठी आणि अक्रोडाचा उग्रपणा सौम्य करण्यासाठीच. मला ही पद्धत फार आवडते, कारण पावाच्या एका स्लाइसमध्ये सॉस भरीव होतो आणि चीज निम्म्यावर आणता येते.

चार जणांसाठी माझे प्रमाण असे असते : साल काढून भाजलेले अक्रोड ६० ते ७० ग्रॅम, कडा काढलेला पावाचा एक स्लाइस, तो भिजेल एवढे दूध, लसणाची अर्धी पाकळी, किसलेले पार्मेजान चीज २० ग्रॅम, ऑलिव्ह तेल एक मोठा चमचा, असल्यास ताज्या मरव्याची थोडी पाने, आणि पास्त्याचे पाणी दीडशे मिलिलिटरच्या आसपास. लसूण कच्चाच घातला तर त्याचा तिखटपणा तासाभरात साऱ्या सॉसवर स्वार होतो. पाकळी दुधाबरोबर दोन मिनिटे उकळून घेतल्यास तो निवतो.

ताट वाढेपर्यंत सॉस सुकतो, त्याला बव्हंशी पास्ताच कारणीभूत असतो. शिजलेला पास्ता निथळल्यानंतरही पाणी शोषत राहतो आणि वाफेवाटे आणखी पाणी जाते. त्यामुळे मिसळताना सॉस जेवढा पातळ हवा असे वाटते, त्याहून एक पायरी पातळ ठेवावा. पॅनच्या तळाशी थोडा सॉस वाहताना दिसला पाहिजे. पास्त्याचे कपभर पाणी बाजूला ठेवून ते ताटांबरोबर मेजावर नेले तरी चालते. पास्ता आणि सॉस गॅस बंद केल्यावरच एकत्र करावेत. अक्रोडाचा सॉस उकळला की तेल वेगळे होते, आणि जास्त उष्णतेत चीजमधील प्रथिने आकसून त्याच्या तारा व गुठळ्या होतात. तेल सुटलेच, तर चमचाभर गरम पास्त्याचे पाणी घालून जोराने ढवळावे, सॉस बहुधा पुन्हा जुळून येतो.

एक सूचना राहिली : हा सॉस लोखंडी भांड्यात करू नये. टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने त्याचा रंग काळपट होतो.

---

कोंडा आणि कणी

'मंद आच' यांनी सॉसबद्दल जे लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे फारसे नाही. पिठाबद्दल लिहितो.

पूर्ण गव्हाचे पीठ पास्त्याला अवघड जाते ते कोंड्यामुळे. कोंडा पाणी भरपूर शोषतो, पण फार सावकाश. मळताना पीठ योग्य वाटते, आणि अर्ध्या तासाने बघावे तर कोंड्याने पाणी ओढून घेतल्यामुळे तेच पीठ कोरडे व आवळलेले झालेले असते. शिवाय कोंड्याचे कण टोकदार असल्यामुळे पिठात तयार होणारे ग्लुटेनचे, म्हणजे गव्हातील चिवट प्रथिनांचे, जाळे ते ठिकठिकाणी तोडतात. लाटताना कडा फाटतात त्या यामुळेच. पास्ता शिजत असताना स्टार्चचे कण याच जाळ्यात अडकून राहतात. जाळे विरळ असेल तर स्टार्च पाण्यात निसटतो आणि पृष्ठभाग पिठूळ होतो. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे.

त्यावर माझा पहिला सल्ला असा की, शंभर टक्के पूर्ण गव्हाच्या पिठाचा आग्रह सोडावा. निम्मे पूर्ण गव्हाचे बारीक पीठ आणि निम्मा ड्युरम गव्हाचा अगदी बारीक रवा, हे मिश्रण मला सर्वांत समाधानकारक वाटते. ड्युरम हा कठीण, पिवळसर आणि प्रथिनांनी समृद्ध गहू आहे. त्याच्या पिठाला ताण कमी आणि घट्टपणा जास्त असतो, म्हणून पास्ता शिजल्यावर आकार धरून राहतो. पौष्टिकतेचा विचार केला तरी फार गमवावे लागत नाही. पूर्ण गव्हाच्या पिठात शंभर ग्रॅममागे साधारण १० ते ११ ग्रॅम तंतू असतात आणि मैद्यात तीन ग्रॅमहूनही कमी. निम्म्या मिश्रणातही मैद्याच्या दुपटीहून अधिक तंतू मिळतात, आणि मुले तो पास्ता आवडीने खातात, हे मला आकड्यांइतकेच मोलाचे वाटते.

चार जणांसाठी दोन्ही मिळून ४०० ग्रॅम घ्यावे आणि २०० ते २१० मिलिलिटर कोमट पाणी घालावे. सगळे पाणी घालून पीठ केवळ एकत्र करावे, मळू नये. ते ओबडधोबड, भेगाळलेले दिसेल. तसेच झाकून वीस मिनिटे ठेवावे. या वेळात कोंडा पाणी पितो आणि ग्लुटेन आपोआप जुळू लागते, त्यामुळे पुढचे मळणे निम्मे सोपे होते. त्यानंतर तळहाताच्या टाचेने पुढे ढकलत, दुमडत, आठ ते दहा मिनिटे चांगले तिंबावे. पास्त्याचे पीठ घट्टच हवे. हाताला चिकटत असेल तर पाणी जास्त झाले. मात्र दुमडताना घडीच्या ठिकाणी तडे जात असतील तर हात ओला करून पुन्हा मळावे, वाटीने पाणी ओतू नये. बोटाने दाबल्यावर खळगा सावकाश भरून येऊ लागला की पीठ तयार आहे असे समजावे. मग ओलसर फडक्याखाली किंवा झाकणाच्या डब्यात निदान अर्धा तास, जमल्यास पाऊण तास मुरू द्यावे. मळल्याबरोबर लाटायला घेतलेले पीठ आखडते, आणि जोर लावला की फाटते. मळण्यापेक्षाही या मुरवण्यात घाई झाली की जास्त नुकसान होते, असे माझे मत आहे.

अंडे घालायचे असल्यास शंभर ग्रॅम पिठाला एक अंडे हे नेहमीचे प्रमाण आहे, पण ते मैद्यासाठीचे आहे. कवच काढलेल्या ५० ग्रॅमच्या अंड्यात पाणी अंदाजे ३८ मिलिलिटरच असते, आणि कोंड्याला ते अपुरे पडते. पूर्ण गव्हाचे पीठ असेल तेव्हा दर अंड्यामागे दोन-तीन छोटे चमचे पाणी अधिक घालावे. अंड्यातील प्रथिने शिजताना घट्ट होऊन विरळ जाळ्याला आधार देतात, हा त्याचा खरा फायदा.

लाटण्याविषयी एवढेच सांगतो की कोंड्याचे पीठ कागदासारखे पातळ करण्याच्या फंदात पडू नये. दीड ते दोन मिलिमीटर जाडी ठेवावी आणि बोटभर रुंद पट्ट्या कापाव्यात. अक्रोडाचा दाटसर सॉस रुंद पट्टीवर चांगला पसरतो. यंत्र नसेल तर लाटण्याचीही गरज नाही. पिठाची करंगळीएवढी जाड वळी करावी, तिचे नखाएवढे तुकडे कापावेत आणि प्रत्येक तुकडा अंगठ्याने ओट्यावर दाबत पुढे ओढावा. तुकडा आतून पोकळ होऊन वळतो, आणि त्या पोकळीत सॉस साठतो. दक्षिण इटलीत रवा आणि पाण्याच्या पिठाचे असे हातवळणीचे आकार पूर्वापार केले जातात. मुलांना हे काम सोपवावे. आकार एकसारखे आले नाहीत तरी बिघडत नाही, फक्त जाडी सारखी असावी, म्हणजे सगळे एकदम शिजतात.

ताजा पास्ता दोन ते चार मिनिटांत शिजतो. वर तरंगू लागला की एक तुकडा काढून चावून बघावा, घड्याळावर विसंबू नये.

---

ओंजळ

दोघांचेही मनापासून आभार. घट्ट झालेल्या लगद्यात पाणीच घालत राहायचे, हे वाचून बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला.

तीन शंका उरल्या आहेत. पास्त्याच्या पाण्यात मीठ भरपूर घालावे असे सगळीकडे सांगतात; तेच पाणी सॉसमध्ये घातल्यावर ज्येष्ठांच्या दृष्टीने मीठ जास्त होणार नाही का? अक्रोडाऐवजी काजू किंवा बदाम घेतल्यास प्रमाण तेच ठेवावे का? आणि आमच्याकडे अधूनमधून जेवायला येणाऱ्या मुलांपैकी एकाला सुक्यामेव्याची ॲलर्जी आहे; त्याच्यासाठी याच चवीच्या जवळचे काही करता येईल का?

---

ताटातला तोल

मिठाबद्दलची शंका अगदी रास्त आहे. पास्त्याच्या पाण्यात लिटरमागे १० ग्रॅम मीठ घालण्याचा प्रघात आहे. त्यातले बहुतेक मीठ पाण्याबरोबर ओतले जाते हे खरे, पण तुम्ही त्यातलेच दीडशे मिलिलिटर पाणी सॉसमध्ये घालणार असाल तर तेवढ्यानेच दीड ग्रॅम मीठ पदार्थात येते, आणि पास्त्याने शोषलेले व चीजमधले मीठ वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसभराच्या मिठाची मर्यादा पाच ग्रॅमच्या आत सांगितलेली आहे. म्हणून मी पाण्यात लिटरमागे पाच ग्रॅमच मीठ घालते आणि सॉसमध्ये वेगळे मीठ मुळीच घालत नाही. पास्ता मिसळून झाल्यावर चव घेऊन बघावी. उणीव वाटली तर आधी लिंबाचे चार थेंब पिळावेत आणि मग मिठाचा विचार करावा. आंबटपणामुळे अक्रोडाचा जडपणा कमी होतो आणि कमी मीठही पुरेसे वाटते.

पाणीही सांगितले जाते त्यापेक्षा कमी घ्यावे. चारशे ग्रॅम पिठाच्या ताज्या पास्त्याला अडीच लिटर पाणी पुरते, फक्त सुरुवातीला एकदोनदा ढवळावे लागते. पाणी कमी असले की त्यातला स्टार्च दाट होतो, आणि 'मंद आच' यांनी सांगितलेला सॉस अधिक चांगला जुळतो.

आता प्रमाण. सुकामेवा पौष्टिक असला तरी तो हलका नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. अक्रोडाच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ६५० कॅलरी असतात, म्हणजे माणशी १५ ग्रॅम अक्रोड घेतले तर साधारण १०० कॅलरी. एक मोठा चमचा तेलातही १२० कॅलरी असतात. या दृष्टीने पाहिले तर माणशी १५ ते २० ग्रॅम अक्रोड आणि चौघांत मिळून एक चमचा तेल हे प्रमाण मला योग्य वाटते. क्रीमशी तुलना केली तर खरा फरक चरबीच्या प्रकारात आहे : क्रीममधील चरबीचा निम्म्याहून अधिक भाग संतृप्त असतो, आणि अक्रोडाच्या ६५ ग्रॅम चरबीत संतृप्त चरबी सहा ग्रॅमच्या आसपासच असते. वनस्पतिजन्य ओमेगा-३ म्हणून ओळखले जाणारे अल्फा-लिनोलेनिक आम्लही अक्रोडात शंभर ग्रॅममागे नऊ ग्रॅमच्या जवळ असते, आणि बदाम किंवा काजूत ते जवळपास नसतेच. ज्येष्ठांसाठी म्हणून माझे मत अक्रोडाच्या बाजूने आहे.

बदाम घेतल्यास प्रथिने आणि तंतू अधिक मिळतात. शंभर ग्रॅममागे प्रथिने २१ ग्रॅम आणि तंतू १२ ग्रॅमच्या वर. मात्र बदाम कठीण असतात, ते सोलून, कोमट पाण्यात दोन तास भिजवून वाटावेत, नाहीतर सॉस रवाळ राहतो. सिसिलीतील त्रापानी या शहराच्या पद्धतीने बदाम, पिकलेले टोमॅटो, लसूण आणि बेसिल एकत्र वाटले तर टोमॅटोचा रसच पाण्याचे काम करतो, त्यामुळे तेल आणखी कमी लागते. उन्हाळ्यात मला हाच सॉस सर्वांत रुचकर वाटतो.

काजूची गोष्ट निराळी आहे. त्यात स्टार्च बराच असतो, त्यामुळे काजूचा सॉस गरम केला की पीठ घातल्यासारखा दाट होत जातो. पास्ता गरम असल्यामुळे हा दाटपणा ताटातही वाढतो. काजू माणशी दहा-बारा ग्रॅमच घ्यावेत आणि पाणी सढळ हाताने वाढवावे. रंग मात्र पांढराशुभ्र येतो. मुलांसाठी निम्मे काजू आणि निम्मे अक्रोड हा मध्यममार्ग ठीक राहील.

शेवटी, पदार्थ आरोग्यदायी होणे एकट्या सॉसवर अवलंबून नाही. पास्ता शिजायला दोन-तीन मिनिटे उरली असताना त्याच पाण्यात ब्रोकोलीचे तुरे किंवा मटार टाकावेत आणि पास्त्याबरोबरच निथळावेत. पट्ट्या ताज्या असल्याने ब्रोकोली आधी आणि पास्ता नंतर असा क्रम लावावा लागतो, एवढेच. भाजी पास्त्याइतकीच असावी, सजावटीपुरती नव्हे. उकडलेले छोले घातले तर प्रथिनांची बाजूही भक्कम होते. आणि पास्ता जास्त शिजवू नये. मध्यभागी किंचित कणी लागेल इतपतच शिजलेल्या पास्त्यातील स्टार्च सावकाश पचतो, त्यामुळे रक्तातील साखर झपाट्याने चढत नाही.

---

मंद आच

ॲलर्जीच्या प्रश्नाला उत्तर देते, कारण इथे अंदाजाने काही करून चालत नाही.

एका सुक्यामेव्याऐवजी दुसरा घेतला म्हणजे भागले, असे समजू नये. काजू आणि पिस्ते एकाच वनस्पतिकुळातले आहेत, अक्रोड आणि पेकन दुसऱ्या एका कुळातले. एकाची ॲलर्जी असणाऱ्याला त्याच्या भाईबंदाचीही असण्याची शक्यता फार मोठी असते. कोणते पदार्थ पूर्णपणे वर्ज्य आहेत हे त्या मुलाच्या पालकांना आधी स्पष्ट विचारावे, आणि त्यात तीळ, शेंगदाणे व बिया यांचाही उल्लेख करावा, कारण त्यांचीही ॲलर्जी असू शकते.

बिया चालत असतील तर सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया उत्तम. त्या तासभर गरम पाण्यात भिजवून, निथळून, मंद आचेवर हलक्या भाजून वर सांगितल्याप्रमाणेच वाटाव्यात. लगदा आवळणे आणि पुन्हा सैल होणे इथेही तसेच घडते. चव अक्रोडापेक्षा मातकट असते, म्हणून लिंबू आणि बेसिल थोडे जास्त घालावे. बियाही चालत नसतील तर शिजवलेला पांढरा राजमा, दुधात उकळलेला लसूण आणि पास्त्याचे पाणी एकत्र वाटून घ्यावे. सुक्यामेव्याची चव त्यात येणार नाही, पण हवा तसा पांढरा, दाट सॉस नक्की मिळतो. त्या मुलाला इतरांपेक्षा वेगळे काही वाढले जाते आहे असे वाटू नये म्हणून मी त्या दिवशी सर्वांसाठी हाच सॉस करीन.

मिक्सरचे भांडे, झाकणाची रबरी कडी, पाते, खरवडायचा चमचा आणि चोळायचे फडके हे सगळे साबणाने स्वच्छ धुतलेले असले पाहिजे. रबरी कडीखाली अडकलेला लगदा नुसत्या पाण्याने जात नाही. ती काढूनच धुवावी.

---

कोंडा आणि कणी

साठवणीचा प्रश्न पुढे निघेलच, म्हणून आताच लिहून ठेवतो.

पूर्ण गव्हाचे मळलेले पीठ फ्रिजमध्ये रात्रभर ठेवल्यास करडे पडते. कोंड्यातील विकरांमुळे (एन्झाइम) असे होते. ते खाण्यास अपायकारक नाही, पण ताटात चांगले दिसत नाही, आणि अंडे घातलेले असेल तर एका दिवसापलीकडे ठेवूच नये. त्यापेक्षा पट्ट्या किंवा आकार करून, वर रवा भुरभुरून, ताटात एकमेकांना न चिकटता पसरून गोठवावेत आणि कडक झाल्यावर पिशवीत भरावेत. शिजवताना ते वितळू देऊ नयेत, थेट उकळत्या पाण्यात सोडावेत; मिनिटभर वेळ अधिक लागतो.

सॉस पाणी घालण्यापूर्वीच्या लगद्याच्या स्वरूपात ठेवावा. चीज आणि दुधात भिजवलेला पाव त्यात आधी मिसळू नये. असा लगदा स्वच्छ बाटलीत, वर तेलाचा पातळ थर देऊन फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. त्यात लसूण घातलेला असेल तर बाटली फ्रिजबाहेर अजिबात राहू देऊ नये, कारण तेलाखाली झाकलेल्या कच्च्या लसणात, खोलीच्या तापमानाला, बोट्युलिझम या गंभीर अन्नविषबाधेचे विष तयार करणारे जिवाणू वाढू शकतात आणि वासावरून ते ओळखता येत नाही. लसूण आयत्या वेळी घातला तर ही काळजीच उरत नाही.

---

ओंजळ

सर्वांचे आभार. रविवारी निम्मा ड्युरम रवा घालून पीठ भिजवते आणि अक्रोड-काजू निम्मे-निम्मे घेते. 'कोंडा आणि कणी', एक शेवटची विचारणा : बाजारात मिळणाऱ्या रव्याची कणी जाडसर असेल, तर तो मिक्सरमध्ये बारीक करून घेतलेला चालेल का?

---

कोंडा आणि कणी

चालेल. थोडा थोडा घेऊन फिरवावा, कारण मिक्सर तापला तर पीठही तापते. नंतर बारीक चाळणीने चाळावा आणि वर उरलेली कणी पास्त्यावर भुरभुरायला ठेवावी. घरी बारीक केलेला रवा विकतच्या बारीक रव्याइतका एकसारखा होत नाही, त्यामुळे सुरुवातीचा वीस मिनिटांचा विसावा अर्ध्या तासाचा करावा, म्हणजे मोठे कणही आतपर्यंत भिजतात.